अठ्ठावन इंचांचा भोपळा

शमीम,

काल तुझ्या घरी आले. पहिल्यांदाच, आणि तू नसताना.

पत्ता कुणाला विचारावा लागला नाही. मिरज स्टेशनवर रिक्षा केली, तानपुरेवाल्यांच्या गल्लीच्या तोंडाशी उतरले आणि पुढचं सगळं मला पाठ होतं. पिंपळापासून आत वळायचं, पिठाची गिरणी मागं टाकायची, निळ्या दाराचं घर. तू इतक्या वेळा सांगितलं होतंस की वाट ठाऊक नव्हती असं म्हणायलाही मला जागा उरली नव्हती.

गेल्या आठवड्यात दस्तगीरचा फोन आला तेव्हा मी साताऱ्यात लेकाच्या घरी मेथी निवडत बसले होते. "ताई, मी शमीमआपाचा भाऊ. आपा गेली ओ. सांजच्याला न्हेनार हाय." मी म्हटलं, निघते. आणि निघाले नाही. सुनेला गुडघा दुखतोय म्हणून सांगितलं. तो दुखत होता, खोटं नाही, पण दुपारची गाडी चुकवावी इतका नव्हता. ज्या घरचं बोलावणं मी वर्षानुवर्षं टाळलं, त्या घरात आज कुठल्या तोंडानं जायचं, एवढाच प्रश्न होता. मेथीची जुडी निवडून झाली तरी मी तिथंच बसून होते. तुझं शेवटचं दर्शन मी असं घालवलं.

तुला आठवतं, आपला विभाग केवढा होता? सांगलीच्या त्या कॉलेजात संख्याशास्त्राला माणसं दोन, त्यात मी प्रमुख. प्रमुखपणाचा रुबाब दाखवायला माझ्याकडं तू एकटीच होतीस आणि तो मी पुरेपूर दाखवला. तू मला "अहो ताई" म्हणायचीस, मी तुला "अगं शमीम". वयात अंतर फार नव्हतं. पण कडेगावकडची शेतकऱ्याघरची मी, त्यात वडील फौजेतले सुभेदार. हुकूम सोडायची सवय रक्तातच होती.

नमुन्यांच्या वितरणाचा धडा दर वर्षी मुलांच्या डोक्यावरून जायचा. मी तो सूत्रांनी शिकवायचे आणि मुलं माना हलवायची. एकदा तू स्टाफरूममध्ये चहाचा कप बाजूला ठेवून म्हणालीस, "अहो ताई, मुलांना कळणार कसं? आपण म्हणतो, सगळे शक्य नमुने घ्या, प्रत्येकाची सरासरी काढा, आणि त्या सरासऱ्या कशा पसरतात ते बघा. पण सगळे नमुने कुणी बघितलेत? समष्टीच लहान घेऊ या की. पाच वस्तूंची. पाचातून दोन उचलल्या तर जोड्या होतात दहा. दहाच्या दहा फळ्यावर मावतात."

"पाच वस्तू कसल्या?" मी विचारलं.

"भोपळे," तू म्हणालीस. "आमच्या घरात पाच टांगलेत."

मी हसले. तू हसली नाहीस. तानपुरा मैफिलीत जोडीनं वाजतो, म्हणून तानपुरे घडवणारा तुझा भाऊ घरात वाळवलेल्या मोजक्या भोपळ्यांतून दोन-दोनची जोडी लावून बघत असतो, हे तू मला सांगितलंस. आमच्या घरात रोज नमुनेच निवडतात, म्हणालीस. दुसऱ्या दिवशी तू त्यांचे घेर टेपनं मोजून आणलेस, इंचांत. चव्वेचाळीस, सेहेचाळीस, पन्नास, बावन्न, पंचावन्न. त्या वर्षी पहिल्यांदा तो धडा वर्गाला कळला. मागच्या बाकावरची मुलंसुद्धा जोड्या मोजत होती.

मग मी त्या धड्याच्या नोट्स लिहायला घेतल्या आणि नको ते केलं.

पंचावन्न मला खुपायला लागला. त्याच्याबरोबरच्या जोडीची सरासरी अर्ध्यात येते. पाचांची सरासरी एकोणपन्नास पूर्णांक चार. फळ्यावर अपूर्णांक दिसला की मुलं बिचकतात, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मलाच ते ओंगळ वाटत होतं. पंचावन्नाच्या जागी अठ्ठावन घातले आणि सगळं कसं चकाचक झालं. दहाच्या दहा सरासऱ्या पूर्णांकात आल्या, त्यांची सरासरी पन्नास आणि पाच भोपळ्यांचीही पन्नास. मला इतका आनंद झाला की मी उठून स्वतःसाठी चहा केला. संख्याशास्त्राच्या बाईला अडचणीचा आकडा बदलावासा वाटणं म्हणजे स्वयंपाकिणीनं मिठाऐवजी साखर घालण्यासारखं आहे, हे तेव्हा माझ्या लक्षातही आलं नाही.

तू नोट्स वाचून म्हणालीस, "ताई, शेवटचा भोपळा पंचावन्नचा आहे."

"उदाहरण आहे गं. भोपळा नव्हे."

"पण भोपळा आहे ना. घरी या, मोजून दाखवते."

मी म्हटलं, येते की कधीतरी. ते कधीतरी काल आलं.

आपलं दुसरं भांडणही त्याच नोट्सवरून. मी लिहिलं होतं की पहिली वस्तू उचलली, मोजली, की परत समष्टीत टाकायची आणि मग दुसरी उचलायची. तसं केलं की सूत्र सुटसुटीत राहतं. तू म्हणायचीस, एकच भोपळा दोनदा उचलून त्याची जोडी कशी लावणार? मी म्हणायचे, परत न टाकता उचललं तर लहान समष्टीत सूत्राला आणखी एक गुणक चिकटवावा लागतो, तो मुलं विसरतात. तू म्हणायचीस, मग विसरू नका म्हणून सांगू या. "ताई, मोठ्या ढिगातून एक गेला तर ढिगाला पत्ता लागत नाही. पण पाचातून एक गेला तर उरलेल्या चारांचं सगळं बदलतं. तेच तर शिकवायचंय." मी पुढच्या तासाची घंटा झाली म्हणून उठले. हे भांडण तसंच राहिलं. आपला विभाग दोघींचा होता शमीम. त्यातली एक गेली म्हणजे काय होतं, ते मला आता कुणी शिकवायला नको.

आता त्या दिवसाबद्दल. आपण दोघींनी पुन्हा कधीच त्याचा विषय काढला नाही.

मी व्हरांड्यातून चालले होते. तुझ्या वर्गात डोकावले तर फळ्यावर पंचावन्न. मुलांच्या हातात माझ्या नोट्स, त्यात अठ्ठावन. मी सरळ आत आले, डस्टर उचललं, तुझा पंचावन्न पुसला आणि अठ्ठावन लिहिले. म्हटलं, "मॅडमकडून चुकून लिहिलं गेलंय. नोट्सप्रमाणे धरा." विट्याचा एक पोरगा मागून म्हणाला, "मॅडम, कापल्याला भोपळा वाढतो व्हय?" वर्ग हसला. मीही हसले, शमीम. तू खडू हातात घेऊन उभी होतीस. मी माझ्या हाताचा खडू झटकला आणि बाहेर पडले.

दुसऱ्या दिवसापासून तू अठ्ठावन शिकवायला लागलीस. मला वाटलं, पटलं हिला. प्रमुखांना असंच वाटत असतं.

तेव्हापासून तुझं ते एक वाक्य सुरू झालं. कधी सुट्टीनंतर कॉलेज उघडलं की, कधी ईदला, कधी मध्येच बसस्टॉपवर. "अठ्ठावन अजून मिळाला नाही हो ताई." मी निवृत्त होऊन साताऱ्याला आले तरी फोनवर ते यायचंच. मला ते टोचायचं. इतकी वर्षं झाली, बाई अजून डिवचते आहे, असं वाटायचं. "पुरे कर की आता," असं मी एकदा चिडून म्हणाले. तू म्हणालीस, "बरं." पुढच्या फोनला परत तेच. तुझ्या आवाजात टोमणा कधीच नव्हता, हे मला आता आठवतंय. तू नुसती बातमी देत होतीस.

आणि तू काय काय केलंस माझ्यासाठी! आमच्या ह्यांना मिरजेच्या दवाखान्यात ठेवलं होतं तेव्हा माझे तास तू घेतलेस, आणि कॉलेज सुटलं की डबा घेऊन थेट वॉर्डात यायचीस. ह्यांना पथ्याचं मऊ, मला तिखट. "घर इथं पाठीमागंच आहे ताई. येऊन जरा पडा. आंघोळ करा. दारसुद्धा वेगळं आहे वरच्या खोलीला, कुणाचा त्रास नाही." मी वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर झोपले. नळावर तोंड धुतलं. पाठ मोडून गेली, पण तुझ्या घरी आले नाही. ह्यांना हलवायचं नाही, डॉक्टर कधी बोलावतील सांगता येत नाही, असं काहीबाही सांगत राहिले. तू दुसऱ्या दिवशी उशी घेऊन आलीस.

का आले नाही, ते लिहिते. तू गेल्यावर लिहिते आहे, यातच माझी लायकी दिसते. आमच्या गावात जत्रेला बोकड पडतो आणि मी दोन वेळा वाढून घेते, त्यामुळं खाण्याचं कारण सांगायची सोय नाही. तुझ्या डब्यातला शिरखुर्मा मी स्टाफरूममध्ये वाटी चाटून खायचे. सगळ्यांना सांगायचेसुद्धा, आमची शमीम किती छान करते. स्टाफरूममध्ये मला चालत होतं. तिथं तू माझ्या विभागातली होतीस. तुझ्या घरात मी तुझी पाहुणी झाले असते, तुझ्या पंक्तीला बसले असते, आणि ते गावाकडं कुणाच्या कानावर गेलं असतं तर काय म्हणतील, एवढंच माझ्या मनात होतं. कुणी काही म्हणालंही नसतं कदाचित. मी विचारून बघितलंच नाही. एकाही माणसाला न विचारता सगळ्या गावाचं मत धरून चालले, ते मी. शिकवायचे काय आणि करायचे काय!

लाज वाटते शमीम. दुसरा शब्द सापडत नाही.

तर काल. निळं दार उघडंच होतं. दस्तगीर पायरीवर बसून तानपुऱ्याच्या दांडीला घासकागद मारत होता. मला बघून उठला. नाव सांगायच्या आधीच म्हणाला, "आवं ताई! या, या. आपा म्हनायची, ताई येनार. कवा का हुईना, येनार म्हनायची." त्याची बायको आतून पाणी घेऊन आली. मी ते उभ्यानंच प्यायले. तुझा फोटो कुठं लावलाय का बघत होते. तुमच्यात लावत नाहीत हे लक्षात आलं तेव्हा आणखी ओशाळले. इतकी वर्षं मैत्री म्हणवून घेतली आणि एवढंही ठाऊक नव्हतं.

मग त्यानं मला मागच्या खोलीत नेलं. वर आढ्याला ओळीनं पाच लोखंडी आकडे होते. चार आकड्यांना भोपळे टांगलेले, जुने, वाळून तपकिरी झालेले. पाचवा आकडा मोकळा.

मला वाटलं होतं तू ते भोपळे फळ्यासाठी मनानंच रचले असशील. इतकी वर्षं मला मनातून तसंच वाटत होतं. मी स्वतः आकडे रचत होते ना, मग दुसऱ्याचेही रचलेलेच वाटणार.

"ह्ये चार काढायचं न्हाईत म्हनून आपाची सक्त ताकीद हुती," दस्तगीर म्हणाला. "गिऱ्हाईकं बघून जायची, ह्यो द्या, त्यो द्या म्हनायची. म्या म्हनायचो, घरचा हाय, इकायचा न्हाई. पाचवा पंचावन्नचा हुता. त्यो मात्र तिनं सवताच काढून दिला. म्हनली, लाव कुटं जोडीत लावायचा त्यो. आमी लावला. धारवाडला गेला त्यो."

मी विचारलं, हे कधी? त्यानं सांगितलं, आपा एक दिवस कॉलेजातून आली ती रडतच आली, कारण काही सांगितलं नाही, त्याच दिवशी. कुठला दिवस ते मला विचारावं लागलं नाही.

"आन त्या दिवसापास्नं तिचं एकच," तो सांगत होता. "सोलापूरकडनं भोपळ्याची गाडी आली की आपा टेप घिऊन उभी. कॉलेजात जायाच्या आदी. समदी गाडी मोजायची. अठ्ठावनचा पायजे म्हनायची, बावन्नच्या शेजारी टांगायचा हाय. आमच्याकडं तेवढा कवा आला न्हाई. सत्तावन एकदा आला हुता. म्या म्हनलं, एका इंचानं काय हुतंय, घे. न्हाई म्हनली. ताईनं अठ्ठावन लिवलाय."

 तो मला खुर्ची आणायला निघाला होता, मी नको म्हटलं.

वर्गात मी तुला खोटं पाडलं आणि तू घरी येऊन माझा आकडा खरा करायच्या मागं लागलीस. जे डोळ्यांनी बघितलं नाही ते मुलांना शिकवायचं नाही, हा तुझा हट्ट. आणि माझ्याविरुद्ध मुलांसमोर तोंड उघडायचं नाही, हा दुसरा. दोन्ही हट्ट एकाच भोपळ्यात मावतील असं तुला वाटलं होतं. तो भोपळा मिळाला असता तर मी चुकलेच नव्हते असं झालं असतं. तू दर वर्षी गाडीपाशी उभी राहून माझी चूक पुसायला बघत होतीस, आणि मी फोनवर म्हणत होते, पुरे कर की.

दस्तगीरनं मग अगदी सरळ मनानं विचारलं. त्याच्या डोळ्यांत काही नव्हतं, नुसतं कुतूहल. कारागीर माणूस, त्याला त्या भोपळ्याचीच ओढ.

"ताई, येक इचारू? त्यो अठ्ठावनचा तुमी कुटं बघितला हुता?"

मी वर टांगलेल्या चारांकडं बघितलं.

"न्हाई म्हंजे, म्या आपाला लय येळा म्हनलं, असला भोपळा नसतुया, ताईंचं कायतर चुकलं आसंल. तर माझ्यावरच चिडायची. म्हनायची, ताईनं बघितल्याबिगर लिवला न्हाई. तिनं बघितलाय म्हंजे आसनारच. म्हनून इचारतो. कुटं बघितला हुता?"

वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर मला जी सबब सुचली होती तशी एखादी कालही सुचली असती. कोल्हापुरात बघितला होता म्हटलं असतं तर दस्तगीरनं मान डोलावली असती, तुझा शब्द राहिला असता, माझा राहिला असता. शब्द अगदी ओठांवर आले होते. पण तुझी ओळ वर टांगलेली होती आणि तिच्यातली एक जागा मीच मोकळी केली होती.

"मी बघितला नव्हता," मी म्हटलं. "हिशोब नीट बसावा म्हणून लिहिला. तुझी आपा खरं सांगत होती. पंचावन्नच होता. मी तुमचा एकही भोपळा बघितला नव्हता, दस्तगीर. मी या घरातच कधी आले नव्हते."

 हातातला घासकागद त्यानं दुमडला, परत उलगडला.

"आपाला ठावं हुतं ह्ये?"

"पहिल्या दिवसापासून."

त्यानं वर मोकळ्या आकड्याकडं बघितलं. "मग ती इतकी वर्सं काय शोधत हुती ओ ताई?"

मला उत्तर ठाऊक होतं.  मी रडत होते आणि तुझ्या भावजयीनं येऊन माझ्या पाठीवर हात ठेवला, तिनं कशाला ठेवावा.

नंतर तिनं ताट वाढलं. कुणी आग्रह केला नाही, पाठीमागंच आहे घर असं कुणी म्हणालं नाही. ती नुसतं ठेवून बाजूला बसली. मी जेवले. मीठ थोडं कमी होतं. तुझ्या डब्याला असायचं तसंच. तुझ्या हातचं म्हणून मी ज्याचं कौतुक करायचे ते सगळ्या घराचंच होतं तर.

निघायच्या आधी दस्तगीर म्हणाला, "आता ह्या चारांचं काय करू? तुमी यीऊन बघितल्याबिगर काढायचं न्हाईत म्हनली हुती."

मी म्हटलं, "टेप आण."

त्यानं एकेक भोपळा खाली उतरवला. मी गुडघा दुमडून जमिनीवर बसले. टेप एकटीला घालता येत नाही गं, भोपळा गोल असतो, सरकतो. एकानं टोक दाबून धरावं लागतं आणि दुसऱ्यानं फिरवून आणावी लागते. दस्तगीरनं टोक धरलं. मी फिरवत आणली. चव्वेचाळीस. सेहेचाळीस. पन्नास. बावन्न.

सगळे बरोबर होते, शमीम. एवढंच बघायला तू मला बोलावत होतीस, आणि टेपचं दुसरं टोक तू धरणार होतीस.